रुसूबाईचा रंग

दात घडवणाऱ्या हाताला खोटा रंग सोसत नाही. ही बाई तीस वर्षे दंतवैद्यांसाठी कवळ्या घडवीत आली होती. कुणाचा दात हस्तिदंती, कुणाचा चहाने पिवळावलेला, कुणाचा मुळाशी किंचित करडा. नमुनापट्टीवरचे सोळा दात शेजारी धरून ती छटा जुळवी, आणि जुळली नाही तर सगळी मोडून पुन्हा बसवी. गल्लीत तिला कवळीबाई म्हणत. "माझ्या पाठीमागे सगळे दात काढतात," ती म्हणे, "आणि पुढे आले की बसवून मागतात."

तिच्या खोलीत, कामाच्या मेजाला लागून, खाऱ्या पाण्याची चार फुटी टाकी होती. तीत तिने झोअँथिड पाळले होते. हे प्रवाळच, पण दगडासारखे कठीण नव्हेत. मऊ देठांवर शर्टाच्या गुंडीएवढी तोंडे, तोंडांभोवती बारीक झालर, आणि खडकभर अशी दाटी, की जणू कुणी रंगीत गुंड्यांचा डबाच उपडा केला. किती रंग म्हणून सांगावे! परमेश्वराने माणसाला रंगवताना हात आखडता घेतला आणि उरलेली सारी उधळण या मुक्या जिवांवर केली, असे टाकीसमोर बसले की तिला वाटे. आणि तिचे हात आपोआप जोडले जात.

त्यांतली एक वसाहत तिला प्राणापलीकडची. नारिंगी झालर, शेवाळी हिरवी तबकडी, मधोमध जांभळा ठिपका. तिला नाव दिले होते धाकट्या बहिणीने. आजारपणाचे शेवटचे सहा महिने ती बहीण टाकीसमोरच्या आरामखुर्चीत होती. दिवा लावला की इतर तोंडे उमलत. ही वसाहत मात्र तासभर मिटून राही.

"ताई, ही माझ्यावर गेलीय," बहीण म्हणाली. "समजूत काढल्याशिवाय तोंड उघडायची नाही."

बहिणीला लहानपणापासून घरात रुसूबाई म्हणत. तेच नाव प्रवाळाला पडले. बहीण गेली, नाव टाकीत राहिले.

रविवारी चष्मेवाला येई. कोपऱ्यावर त्याचे चष्म्यांचे दुकान, घरी त्याचीही टाकी. बहीण गेल्यावर तिला ताई म्हणणारा जगात तोच एक उरला होता. टाकीच्या निळ्या उजेडात रंग वाहून जाऊ नयेत म्हणून कॅमेऱ्याच्या भिंगापुढे पिवळी काच लावायला त्याने तिला शिकवले. आणि पंप बंद करून, झालरीची शेवटची थरथर थांबेपर्यंत श्वास धरून बसायला तिने त्याला शिकवले. एका रविवारी तिने हातमोजे आणि संरक्षक चष्मा चढवला, कारण या जिवाच्या रसात विष असते, आणि रुसूबाईची चार तोंडे कापून त्याला दिली.

"नाव मात्र हेच ठेव," तिने एवढेच मागितले.

"म्हणजे काय ताई! नाव बदलायला मी तिला सासरी थोडाच नेतोय?"

दोन वर्षांनी टाकीवाल्यांच्या मंडळाच्या सभागृहात, अगदी दाराशी, माणसाच्या उंचीचे छायाचित्र झळकले. रुसूबाईच ती! पण रंग असा भडकवलेला, की नारिंगीला जणू आग लागली होती. खाली पाटी: 'नेत्रसूर्य. चष्मेवाल्यांच्या टाकीत उपजलेला नवा वाण.'

"अरे, ही रुसूबाई," ती चारचौघांत म्हणाली.

चष्मेवाला हसला. "ताई, रुसूबाई हे काय नाव झालं? पाळण्यातलं! इथं शोभतं का? आणि तुझ्याकडचा रंग बघ की, किती फिका. वाण खुलला तो माझ्याकडे."

लोक हसले. फिका! जिचे आयुष्य रंगाच्या खरेपणात गेले, तिला फिका! त्या एका शब्दाने तिच्या काळजात बिऱ्हाड केले. रोज सकाळी ती देवापुढे बसे. आधी सगळ्यांसाठी मागे. आता एकासाठीच मागू लागली, आणि जे मागे ते त्याच्या भल्याचे नव्हते.

मग नव्या आणलेल्या खडकाच्या पोटाशी तिला एक पांढरी गुंडाळी दिसली, नखाएवढी, दोऱ्याच्या वेटोळ्यासारखी. झोअँथिड खाणाऱ्या समुद्री गोगलगायीची अंडी. ही बिनशंखाची गोगलगाय दुसरे काही खात नाही, आणि जे खाते त्याचाच रंग अंगावर नेसते; म्हणून समोर बसली तरी दिसत नाही, आणि दिसेपर्यंत खडक उजाड झालेला असतो. पाळणारे लोक ही अंडी ब्लेडने खरवडून फेकतात. तिने ती बरणीत जपून ठेवली.

"देवा, मी मागितलं आणि तू धाडलंस," ती म्हणाली. देवाने धाडले की कसे, ते देवच जाणे.

पिल्ले निघाली. तिने त्यांना साधे तपकिरी झोअँथिड घातले. पिल्ले तपकिरी झाली. इथे अडले! चष्मेवाल्याच्या टाकीत सोडलेली तपकिरी गोगलगाय नारिंगी झालरीवर बसली तर त्याची नजर तिला दुसऱ्या क्षणी टिपणार. नारिंगीत लपायचे तर नारिंगीच खायला हवे. आणि तो नारिंगी जगात दोनच टाक्यांत होता.

तिने हातमोजे चढवले. रुसूबाईचे एक तोंड कापले, बरणीत टाकले. दुसऱ्या दिवशी दोन. मग रोज तीन. प्रत्येक कापाला ती पुटपुटे, "तुझ्यासाठीच गं, तुझ्या नावासाठीच." महिना गेला आणि बरणीत नारिंगी झालरीच्या, हिरव्या पाठीच्या सहा गोगलगायी उभ्या राहिल्या. सोळा दातांतला फरक जाणणाऱ्या तिच्या डोळ्यांनाही क्षणभर फसायला झाले. तिला त्यांचा अभिमान वाटला. हो, अभिमान!

रविवारी सकाळी गोगलगायींची छोटी बाटली पिशवीत घालून ती त्याच्या घरी गेली. दार उघडले ते दाढी वाढलेल्या, डोळे सुजलेल्या माणसाने. मागच्या टाकीत पाणी दुधासारखे गढूळ.

"ताई, हीटर अडकला गं. रात्रभर पाणी तापत राहिलं. सगळं विरघळलं." तो खुर्चीत बसला. "तुझ्याकडची चार तोंडं दे. दोन दे हवं तर."

"कशाची?"

"त्याचीच... नेत्रसूर्याची."

"तसलं माझ्याकडे काही नाही."

"आता काय नाव घ्यायला लावतेस?"

"घे."

"रुसूबाई," तो खाली मान घालून म्हणाला. "रुसूबाईची दोन तोंडं दे गं, ताई."

"ऐकू नाही आलं."

"रुसूबाई!"

साखर विरघळावी तसा तो शब्द तिच्या कानांत विरघळला. तिने तो तिसऱ्यांदाही म्हणायला लावला. मग म्हणाली, "नाही देणार," आणि वळली.

जिन्याच्या वळणावर मात्र पिशवीतली बाटली मांडीला लागली आणि तिचे पाय थांबले. ज्याच्यासाठी हे सैन्य पोसले, त्याचा गड आधीच पडला होता. घरी येऊन तिने टाकीत पाहिले. शंभरेक तोंडांची रुसूबाई. उरली होती नऊ. हीटरने त्याची मारली. हिची कुणी मारली?

तिने बरणीत खाणे टाकणे बंद केले. पण त्याआधी सर्वांत मोठी गोगलगाय भिंगासमोर घेतली. पंप बंद, श्वास बंद, छायाचित्र गोगलगायीशेजारी धरून रंग तंतोतंत. पुढच्या बैठकीला ते छायाचित्र तिने त्याच्या भव्य छायाचित्राशेजारी टांगले.

"वा! काय उमललीय!" लोक जमले.

"उमललेली नाही, चालतेय. गोगलगाय आहे ती," कवळीबाई म्हणाली. "दुसऱ्याचं खायचं आणि त्याच्याच रंगात मिरवायचं, एवढं एकच येतं तिला. नाव वाचा की खालचं."

खाली पाटी होती: 'नेत्रसूर्य'.

आधी एक हसला, मग सगळ्या सभागृहाने दात काढले. मागच्या रांगेत चष्मेवाला चष्मा पुसत राहिला. त्यानंतर तो तिला कधीच ताई म्हणाला नाही.

"पण बाई," गर्दीतून एका म्हाताऱ्याने विचारले, "एवढा रंग चढायला हिला खायला कुणी घातलं?"

ती ऐकले न ऐकलेसे करून निघाली.

घरी तिने टाकीचा दिवा लावला आणि बहिणीच्या आरामखुर्चीत बसली. सगळी टाकी उमलली. नऊ तोंडे मिटलेली. तास गेला. दोन तास गेले.

"अगं, झालं ना आता? चारचौघांत नाक कापलं त्याचं. उघड की."

नऊ तोंडे मिटलेलीच. काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसत होता, आणि ओठांवरचे सभागृहातले हसू अजून तसेच होते. ते पुसल्याशिवाय रुसूबाई तोंड उघडणार नव्हती. आणि बाई ते पुसायला तयार नव्हती.