हळूरावांचा घसा

हळूरावांना नाटक बघणाऱ्यांपैकी कुणीच ओळखत नसे, पण त्यांच्याशिवाय कंपनीतल्या एकाही नटाला रंगमंचावर पाऊल टाकायची हिंमत होत नसे. हळूराव प्रॉम्प्टर. डाव्या विंगेत, पडद्याच्या दोरीला लागून त्यांचं स्टूल. मांडीवर नाटकाची वही, हातात निळा कागद चिकटवलेली बॅटरी. नट अडला की पुढच्या वाक्याचे पहिले दोन शब्द असे सोडायचे, की ते नटाच्या कानात अचूक पडावेत आणि पहिल्या रांगेत पेंगणाऱ्या पाहुण्याची झोपही मोडू नये. पंधरा वर्षं हेच केल्यामुळे गृहस्थ घरीसुद्धा कुजबुजूनच बोलत. "अहो, मीठ कमी आहे हे तरी मोठ्यानं सांगा," असं बायको म्हणे. ती कंपनीच्या कपडेपटात होती. नटांची पोटं सुटल्याची बातमी सगळ्यात आधी तिलाच लागे आणि मग सगळ्यांना लागे.

तर अशा या घशात टॉन्सिल होते, आणि ते भाडेकरूसारखे ठाण मांडून बसले होते. दीड-दोन महिने झाले की ताप, थुंकी गिळताना काच गिळल्यासारखं, ठणका थेट कानापर्यंत. गोळ्या घ्यायच्या, बरं व्हायचं, पुन्हा तेच. अशी चार वर्षं गेली. आई मिठाच्या पाण्याचं भांडं घेऊन मागे उभी. "लहानपणीच काढायचे होते याचे," ती येईल त्याला सांगे. "ऑपरेशन झाल्यावर आइस्क्रीम देतात म्हणून हा कबूल झाला. आधीच मागून घेतलंन, खाल्लंन आणि दवाखान्याच्या मागच्या दारानं पळाला!"

आता मोठेपणी कोण अडवत होतं? अडवत होते थोरले.

थोरले म्हणजे कंपनीचे मुख्य नट. साठी उलटलेली, आवाज ढगासारखा आणि स्मरणशक्ती चाळणीसारखी. "मला सगळं पाठ आहे, हळ्या फक्त सोबतीला लागतो," असं ते चारचौघांत सांगत. ऑपरेशनचा विषय निघाला की मात्र यांना एक गवई आठवे. टॉन्सिल काढले आणि बिचाऱ्याचा आवाजच गेला म्हणे. कोण गवई, कुठला, विचारलं की "ते जाऊ दे." हळूरावांनाही मनातून तीच भीती. या कुजबुजीशिवाय दुसरी कुठली कला त्यांच्या अंगात नव्हती. आवाज बदलला आणि नटांचा कान त्याला सरावला नाही, तर स्टूल गेलंच म्हणायचं.

मग तो प्रयोग झाला. हळूराव तापानं फणफणले होते, तरी विंगेत येऊन बसले. नाटकात थोरले निवृत्त न्यायाधीश. "हे घर मी विकणार नाही!" हे वाक्य त्यांना पहिल्या अंकात एकदा आणि तिसऱ्या अंकात एकदा होतं. पहिल्या अंकात त्यांनी ते दणकून म्हटलं आणि पुढचं विसरले. फुलदाणी सरळ करायच्या मिषानं डावीकडे सरकले, कान विंगेकडे केला. हळूरावांनी तोंड उघडलं. आतून नुसती खरखर आली. दुसऱ्यांदा उघडलं, तेवढंही नाही.

थोरल्यांनी काय करावं? जे आठवलं ते धरलं, आणि आठवला तिसरा अंक. समोर लग्नाची बोलणी चाललेली त्यांची नाटकातली मुलगी उभी. तिला म्हणाले, "तुझा लेक कुठे आहे? त्याला म्हणावं, ये बाळा, आजोबांच्या मांडीवर ये!"

पोरगी पांढरीफटक. म्हणाली, "बाबा, अजून माझं लग्न व्हायचंय."

थिएटर हसून लोळलं. पण थोरले एकदा सुटले की सुटले. तिसरा अंक त्यांनी शेवटपर्यंत ओढत नेला, बाकीचे मिळेल तिथून आत शिरले आणि मध्यंतर व्हायच्या आधीच नाटक संपलं. कँटीनवाल्याचा चहा तसाच राहिला. दोन-तीन जाणकारांनी मात्र प्रयोग आटोपशीर झाल्याचं आत येऊन कळवलं.

रंगपटात थोरले मिशी उपटत ओरडले, "हळ्या, आज तू माझी लाज काढलीस!"

हळूराव आरशाजवळच्या बाकावर बसले होते. घसा दाबून, एकेक शब्द बाहेर ढकलत म्हणाले, "ऑपरेशन करून घेतो."

"वेडा आहेस का? दौरा तोंडावर आलाय!"

"त्याच्या आधी."

"आणि आवाज बदलला तर? माझा कान तुझ्या आवाजाला सरावलाय!"

"बदलला तर बदललेल्या आवाजानं काम करीन," हळूराव म्हणाले. "नसलेल्या आवाजानं कसं करू?"

कपडेपटाच्या दारातून बायको म्हणाली, "अगदी मोठ्यानं बोललात हो!"

घशाच्या डॉक्टरीणबाईंनी दिवा लावून आत पाहिलं. वर्षात किती वेळा होतं, असं विचारलं. उत्तर बायकोनं दिलं.

"घसा यांचा आहे ना?"

"घसा यांचा, पण रात्री मी जागते."

डॉक्टरीणबाई हसल्या. मग हळूरावांनी गवयाची गोष्ट विचारली. "आवाज खालून येतो, टॉन्सिल त्याच्या वर," त्या म्हणाल्या. "काही दिवस आवाज पोकळ वाटेल. बहुतेकांचा पूर्ववत होतो, एखाद्याचा थोडा वेगळा राहतो. हमी मी देत नाही. मोठ्या माणसाला दोन आठवडे चांगलंच दुखतं, रक्त येण्याचाही थोडा धोका असतो. नाही केलंत तरी जीव जाणार नाही, पण हे असंच चालू राहील. विचार करून सांगा."

"केलाय," हळूराव म्हणाले. "तारीख द्या."

"एक सांगून ठेवते. नंतर थोडं बोललात तर चालेल, पण साध्या आवाजात. कुजबुज अजिबात नको, त्यानं घशावर ताण पडतो."

म्हणजे ज्याच्यावर पोट चालायचं नेमकं तेच बंद.

ऑपरेशन झालं. या वेळी मागच्या दारानं कुणी पळालं नाही. पहिले दिवस वाईट गेले. पाण्याचा घोट घ्यायचा म्हणजे आधी उशी मुठीत धरायची. तरी वेळ झाली की हळूराव न सांगता पेला उचलत, डोळ्यांतून पाणी काढत तो संपवत आणि रिकामा पेला आईला उलटा करून दाखवत.

दुसरा आठवडा सरत आला तेव्हा थोरले आले. तब्येत विचारायला म्हणून आले, पण वही काखेत होती. तालमीला बदली प्रॉम्प्टर म्हणून कंपनीतली एक नवी पोरगी बसत होती, म्हणे. "तिचा आवाज कानात शिट्टी मारतो रे. तू फक्त ऐक हं, मी म्हणतो." आणि खाटेशेजारी उभे राहून त्यांनी पहिला अंक सुरू केला. घर विकणार नाही इथवर आले आणि थांबले. सवयीनं डावीकडे झुकले. हळूरावांचे ओठ आपोआप पुढे आले.

"अहो!" दारातून बायको.

हळूरावांनी ओठ मिटले. वही ओढून घेतली, पहिलं पान उघडलं आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. थोरल्यांनी पुन्हा म्हटलं, पुन्हा तिथेच अडकले. पुन्हा बोट पहिल्या ओळीवर. थोरल्यांच्या कपाळावर घाम आला.

"अरे, दोन शब्द टाक ना! माझं वय बघ, दया कर जरा!"

हळूराव उशीला टेकून ताठ बसले. घोट गिळला, दुखलं, तरी तोंड उघडलं आणि कुजबुज न करता, खणखणीत म्हणाले, "पहिल्यापासून."

आवाज पोकळ होता, जरा रुंद, भलताच कुणाचा तरी वाटावा असा. थोरले दचकून दाराकडे बघायला लागले. "हा कुणाचा आवाज?"

"माझा," हळूराव म्हणाले. "सरावून घ्या. चला, पहिल्यापासून."