भिवा ओव्हाळची रेघ

माणसानं सुट्टीत झोपावं, लग्नकार्यं उरकावीत, फार तर सासुरवाडीला जाऊन यावं, असं माझं सरळ मत आहे. भिवा ओव्हाळ मात्र दर वर्षी दिवाळी झाली की दहा दिवस पाठीवर पिशवी टाकून कोकणच्या किनाऱ्यानं चालत सुटायचा. पिशवी देहूरोडच्या बाजारात घेतलेली, लष्करातून बाद झालेली, एक पट्टा तारेनं शिवलेला. आत टोप, चादर, मिठाची पुडी आणि पहिल्या दोन दिवसांच्या भाकरी. पिंपरीतल्या आमच्या कारखान्यात त्याला 'दर्यासारंग' म्हणायचे. हे नाव मीच पाडलं होतं.

आम्ही दोघं मेंटेनन्सला. त्रेसष्ट साली एकाच महिन्यात लागलो, तो फिटर, मी वायरमन. मशीन बिघडलं की मी भिंतीवरच्या मेन स्विचपाशी उभा राहायचो आणि तो मशीनच्या पोटाशी बसायचा. तो विचारायचा, "बंद?" मी खटका ओढून म्हणायचो, "बंद." लगेच त्याचा हात कोपरापर्यंत गिअरमध्ये. वळून बघणं नाही, दुसऱ्यांदा विचारणं नाही. आमच्या खात्याचा रिवाजच तसा होता. जोडीदारानं शब्द दिला की हात आत घालायचा. वळून बघितलं तर तो जोडीदाराचा अपमान. अकरा वर्षांत भिवाच्या हाताला ओरखडा आला नाही.

वयानं तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. तरी मी त्याला अरे म्हणायचो आणि तो मला अनंतराव. हे असं का, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. आता पडून काय उपयोग?

त्याला चालायचं खूळ लागलं ते महाडला. सहासष्ट साली तो वस्तीतल्या लोकांबरोबर चवदार तळ्यावर गेला होता. बाकीचे एस.टी.नं परतले. हा सावित्री नदीच्या काठाकाठानं बाणकोटपर्यंत गेला आणि तिथं आयुष्यात पहिल्यांदा त्यानं समुद्र पाहिला. परत आल्यावर मला म्हणाला, "आमच्या बापाच्या वंजळीत लांबनं पानी वतायचे, अनंतराव. आन् तितं एवढं पानी, कुनाच्या बापाचं न्हाई." मी हसून म्हणालो, "खारं आहे ते, भिवा." तोही हसला.

तेव्हापासून शाळेतल्या पोरांच्या नकाशावर तो लाल पेन्सिलीनं रेघ ओढत होता. बाणकोट, हर्णै, दाभोळ, गुहागर, जयगड. दर वर्षी रेघ दोन बोटं खाली सरकायची. गोव्याच्या हद्दीवर तेरेखोलला ती टेकली की बायकोला, कस्तुराला, समुद्र दाखवायचा असं त्यानं ठरवलं होतं. ती म्हणायची, "तवर मी काय जगती व्हय? ह्याच वर्षी दावा की." त्यावर त्याचं एकच उत्तर होतं, "आधी मी पुरा बघतो. मग तुला पुरा दावतो."

जेवणाच्या सुट्टीत तो आम्हाला किनाऱ्याचे नियम शिकवायचा, जसं काही आम्हीच उद्या निघणार होतो. उथळ पाण्यात पाय घासत चालायचं, कारण वाळूत पाकट दडलेलं असतं आणि त्याच्या शेपटीचा काटा पाय फाडतो. ओहोटीला खाडीच्या चिखलात उतरायचं नाही, तिथं मगरी ऊन खात पडलेल्या असतात. कोळ्यांनी जाळ्यातून फेकलेला साप मेलाय म्हणून डिवचायचा नाही. पण या सगळ्यांहून वाईट फुरसं. वीत-दीड वीत लांबीचा विषारी साप, रंग मातीचा, आणि राहायला कातळावरच्या सुट्या दगडाखाली. म्हणून चुलीसाठी दगड उचलायच्या आधी तो काठीनं तीनदा ठोकायचा. काठीच्या टोकाला त्यानं स्वतः लेथवर केलेली लोखंडी टोपी होती. "घंटीवानी वाजती," तो सांगायचा.

चौऱ्याहत्तर साली काय सुचलं कोण जाणे, मी त्याच्याबरोबर गेलो. रत्नागिरीहून निघालो. तिसऱ्या दिवसापर्यंत माझ्या दोन्ही टाचांना फोड आले होते आणि मी भिवाला, त्याच्या समुद्राला आणि स्वतःला मनातल्या मनात शिव्या घालत होतो. त्याला मात्र वाट म्हणजे घरचं अंगण होतं. माझंही ओझं तोच उचलत होता.

चौथ्या दिवशी पूर्णगडच्या पुढे एका उघड्या सड्यावर, कातळाच्या माळावर, आम्ही थांबलो. दुपारचे चार वाजले असतील. चहा करायचा होता. भिवानं काठी माझ्या हातात दिली, पलीकडे तीन दगड दाखवले आणि म्हणाला, "ठोकून ठेवा. मी काटक्या आनतो." तो गेला. मी बूट काढून टाचेकडे बघत बसलो. दगड दहा पावलांवर होते. दहाच पावलं. मी उठलो नाही.

तो काटक्या घेऊन आला, दगडांपाशी बसला आणि माझ्याकडे पाठ असतानाच त्यानं विचारलं, "ठोकलं?"

"ठोकलं," मी म्हणालो.

त्याचा हात दगडाखाली गेला.

तो ओरडलासुद्धा नाही. हात झटकून उभा राहिला आणि बोटाकडे बघत म्हणाला, "फुरसं हाय." खालच्या वाडीतल्या लोकांनी मांत्रिकाला आणतो म्हटलं. भिवा म्हणाला, "मंतर नको. डाक्टर बघा." बैलगाडी, मग होडी, मग एस.टी. बोटातून रक्त थांबत नव्हतं, हिरड्यांतूनही यायला लागलं होतं. लस मिळाली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. जीव वाचला. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

कसं झालं असं ज्यानं त्यानं विचारलं. कस्तुरानं विचारलं, साहेबांनी विचारलं. भिवानं सगळ्यांना सांगितलं, "माजं ध्यान न्हवतं." मी शेजारी उभा असायचो.

आठ बोटांच्या फिटरला मशीनवर कोण घेणार? त्याला स्टोअरमध्ये बसवलं. जाळीच्या खिडकीतून नट-बोल्ट आणि पुसायचा कापूस द्यायचं काम. नकाशातली रेघ पूर्णगडच्या जरा खाली थांबली ती थांबलीच. मला रंगराव नावाचा नवा जोडीदार मिळाला. त्यानं "बंद?" विचारलं की मी "बंद" म्हणायचो, मग परत जाऊन खटका बघायचो, मग पुन्हा म्हणायचो. पोरं हसायची. रंगरावाला राग यायचा.

एक्याऐंशी साली भिवाची मूत्रपिंडं निकामी व्हायला लागली. ते जुन्या विषामुळेही असेल, असं डॉक्टर म्हणाले. एका रविवारी सकाळी मी त्याच्या खोलीवर गेलो. चेहरा सुजलेला, पाय सुजलेले, उशाला तो नकाशा. कस्तुरा पाणी भरायला नळावर गेली होती. मी सांगून टाकलं. सात वर्षं लपवलेलं एका दमात सांगितलं, की मी ठोकलं नव्हतं, मी जागचा हललोसुद्धा नव्हतो.

तो हळूच म्हणाला, "लोखंडाची टोपी हाय तिला. कातळावर ठोकली की टेकाडापल्याड ऐकू जाती. आवाज आलाच न्हवता, अनंतराव."

"मग हात का घातलास?"

"तुमी ठोकलं म्हनाला न्हवं?"

त्यापेक्षा त्यानं मला शिव्या द्यायला हव्या होत्या. तोंडावर थुंकला असता तरी चाललं असतं. त्यानं फक्त कस्तुराला हाक मारली आणि माझ्यासाठी चहा टाकायला सांगितलं. मी तो प्यायलो.

पंधरा दिवसांनी तो गेला. पुण्यानुमोदनाला गेलो तेव्हा कस्तुरानं काठी आणून माझ्यापुढे धरली. "तुमाला द्या म्हनाले." आणखी काही म्हणाले का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "न्हाई. मला समुद्र दावायचा र्‍हायला, एवढंच म्हनाले."

पूर्णगडला एस.टी. जाते. कस्तुराला घेऊन जाईन असं मी दर दिवाळीला ठरवतो. काठी दाराआड उभी आहे. ती मी उचलतो, पुसतो आणि आवाज होणार नाही अशी परत टेकवून ठेवतो.