अवो नावाचा प्रिंटर

आमच्या दुकानातल्या प्रिंटरचं नाव अवो होतं. बायकोनं ठेवलेलं. ते माझ्या हातानं पुसलं गेलं, त्याचं मला अजून वाईट वाटतं. म्हातारा यंत्रासाठी रडतोय, असं कुणी म्हणेल. म्हणू दे.

निपाणीत आमचं घर रस्त्याला लागून आहे. पुढच्या खोलीत बायकोनं छपाईचं दुकान घातलं. आधी ती विड्या वळायची. बोटं दुखायला लागल्यावर म्हणाली, आता बटनं दाबते. मी तंबाखूच्या वखारीत हमाल होतो. शाळा चौथीपर्यंत. इंग्रजीची फक्त मोठी अक्षरं येतात, तीही पोत्यांवरच्या खुणा वाचून वाचून आलेली.

पोरगी बेळगावला कॉम्प्युटरच्या कामात आहे. तिनं एक जुना कॉम्प्युटर आणून दिला आणि तो चालवायला त्यात लिनक्स घातलं.

“हे कुणा एकाच्या मालकीचं न्हाय, आई. सगळ्यांचं असतंय. कुणीबी घ्यावं, कुणीबी सुधारावं.”

“म्हंजे गावची हीर म्हण की,” बायको म्हणाली.

“गावची हीर आपली कवा हुती?” मी म्हणालो. “हे त्यापरास बरं दिसतंय.”

प्रिंटर जोडताना पडद्यावर एक चौकट आली, ह्याला नाव द्या म्हणून. पोरगी तेवढ्यात चहा ठेवायला आत गेली होती. बायकोनं एका बोटानं तीन अक्षरं दाबली. ए, व्ही, ओ. मी वाचली.

“हे काय गं?”

“अवो.”

“मशीनला नाव ठेवतीस का मला हाक मारतीस?”

“दोन्ही एकच की. एका हाकंत कोन उठतंय?”

माझं नाव तिनं जन्मात तोंडातनं काढलं नाही. ती मला अवो म्हणायची, मी तिला अगं. आमच्याकडं तसंच असतं. पोरीला यातलं काही कळलं नाही. तिला वाटलं, प्रिंटरचंच काहीतरी इंग्रजी नाव असेल.

त्या लिनक्सची एक खोड आहे. कागद अडकला, शाई संपली की ते प्रिंटरला थांबवून ठेवतं. कागद काढला तरी आपण होऊन सुरू होत नाही. चौकट उघडून ‘चालू’पुढं परत खूण करावी लागते. गिऱ्हाइकं वैतागायची. बायको नाही. खूण करत म्हणायची, “अवो, उठा की. रुसलं की घरच्या धन्यागत हलवाय लागतंय ह्याला.” मी बाहेर कट्ट्यावर बसलेला असलो तरी मान वळायची.

मागच्या पावसाळ्यात ती गेली. छातीत दुखतंय म्हणाली, दवाखान्याच्या दारात सगळं संपलं. पोरगी म्हणाली, दुकान बंद करा, माझ्याकडं या. मी म्हणालो, बंद करून काय करू? तिला करताना बघितलं होतं तेवढ्यावर मी छपाई चालवली. पडद्यावर अवो दिसायचं. बरं वाटायचं.

मग इंटरनेटचा डबा बिघडला. प्रिंटरही त्यावरच जोडलेला. माणूस आला, नवा बसवून गेला. दुसऱ्या दिवशी शेजारची आक्का शेताच्या पहाणीचा, म्हणजे सातबाऱ्याचा, उतारा काढायला आली. मी छापायचं बटन दाबलं. काही नाही. ‘चालू’पुढं खूण केली. जरा वेळानं परत थांबलं. बंद करून लावलं. तेच.

“आण्णा, हुतंय का न्हाय?” आक्का म्हणाली. “का जाऊ दुसरीकडं?”

“बस की जरा. गाडी चुकतीया का तुजी?”

पोरीला फोन लावला. तिनं चार गोष्टी विचारल्या आणि म्हणाली, “आप्पा, डबा बदलला तवा प्रिंटरचा पत्ता बदलला. कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर हाका मारतोय. तिथं कोन न्हाय आता.”

मी पडद्यावरच्या अवोकडं बघत बसलो.

“आप्पा, हाय का? प्रिंटरच्या चित्रावर उजवं बटन दाबा. डिलीट म्हना. मग नवीन जोडू.”

मी दाबलं. मला वाटलं, बिघाड तेवढा पुसला जाईल. वखारीत पोत्याचं तोंड उसवलं की तेवढंच शिवायचो, पोतं फेकत नव्हतो. इथं सगळंच गेलं. पोरगी सांगेल तसं पुढं दाबत गेलो. यंत्रानं प्रिंटर शोधून काढला आणि नावाच्या चौकटीत कारखान्याचं लांबलचक काहीतरी लिहून ठेवलं.

“अवो कुठं गेलं?”

“काय कुठं गेलं?”

“अवो. तिनं लिवलेलं.”

“ते तर आत्ताच काढलं की आप्पा.”

“परत आन.”

“तसं येत न्हाय ते.” मग ती थांबली. “अवो? म्हंजे... आई तुमाला...?”

“मग काय तुला वाटलं, जपानी हाय?”

ती हसली आणि तिकडं रडायला लागली. आक्का इकडं माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मला आक्काचाच राग आला, फोनचाच राग आला, कशाचा आला ते कळेना. पत्ता तेवढा बदलून नाव ठेवता आलं असतं, हे पोरीनं नंतर सांगितलं. तिला माहीत असतं तर तिनं तसंच केलं असतं. मी आधी सांगायला पाहिजे होतं. पण असलं कुणी पोरीला सांगतं का?

“आप्पा,” ती नाक ओढत म्हणाली, “आईचं नाव देऊ या त्याला.”

“नगो. जन्मभर राबली. आता मशीन करून परत कामाला जुपतीस व्हय तिला?”

कारखान्याचं नाव मी एकेक अक्षर मागं खोडलं आणि एका बोटानं दाबलं. ए. व्ही. ओ. छापून बघितलं तर कागद आला, स्वच्छ. आक्का उतारा घेऊन गेली. जाताना म्हणाली, “झालं न्हवं? मग तोंड का पाडलंय?”

अक्षरं तीच आहेत. जागाही तीच. पण हाक दुसऱ्यानं मारायची असते.

परवा कागद अडकला. पडद्यावर आलं, अवो थांबलाय. मी कट्ट्यावरनं “आलो, आलो” म्हणत उठलो. खुर्चीजवळ गेल्यावर ध्यानात आलं, ते मीच लिहिलंय.