चाकाखालचं लिंबू

मी भित्री आहे, आणि राग माझ्या नाकावर असतो. ही दोन्ही भुतं एकाच बाईच्या मानगुटीवर बसली, की एक म्हणतं "नको" आणि दुसरं म्हणतं "आता तर करायचंच". आजवर दरवेळी दुसऱ्याचंच चाललं आहे. गाडीचे ब्रेक मी घरी बदलले ते त्यामुळेच.

आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. धरमपेठेतल्या डॉक्टरांना दाखवून आम्ही परत येत होतो. ब्रेक दाबला की पुढची चाकं किंचाळतात हे मला कळत होतं, पण मी गाण्यांचा आवाज वाढवून वेळ मारून नेत होते. उड्डाणपुलावरून उतरताना खाली सिग्नल लाल झाला. मी ब्रेक दाबला आणि पुढून लोखंडावर लोखंड घासल्याचा खर्रर्र आवाज आला. गाडी थरथरली, पण थांबेना. समोरच्या ई-रिक्षात मागे तोंड करून बसलेल्या शाळकरी मुलीने पाय वर ओढून घेतले. रिक्षात आणि आमच्यात वीतभर अंतर राहिलं तेव्हा कुठे गाडी थांबली. शेजारी बसलेल्या आईला पुढचं सगळं धुरकट दिसायचं. तिने विचारलं, "आलं का वं घर?"

गॅरेजवाल्याने चाक काढून पाहिलं. ब्रेकचे पॅड झिजून संपले होते आणि उरलेल्या पत्र्याने चाकामागच्या लोखंडी डिस्कवर नांगरल्यासारख्या रेघा ओढल्या होत्या. डिस्क आणि पॅड, दोन्ही बदलावी लागतील म्हणाला. तिथवर ठीक होतं. मग म्हणाला, "मॅडम, घरच्या माणसाले पाठवून द्या. त्याईले समजावून सांगतो."

"घरचं माणूस मीच आहे," मी म्हणाले.

तो हसला आणि माझ्यामागे कोणी उभं आहे का ते पाहू लागला. आमच्या घरात आई आणि मी, दोघीच. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तेच चाक त्याच्याकडून परत बसवून घेतलं आणि मुंगीच्या पावलांनी गाडी घरी आणली. मग ऑटोने जरीपटक्यातल्या सुट्या भागांच्या दुकानात जाऊन नव्या डिस्क आणि पॅड घेऊन आले. दुकानदाराने सामान बांधता बांधता बजावलं, "मॅडम, लगाने के बाद पैडल दबाते रहना, कड़क होने तक. उसके पहले गाड़ी हिलाना मत." मी मान डोलावली. कनिष्ठ महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवते. द्रवाच्या दाबाचा धडा मला झोपेतही येतो.

रविवारी सकाळी पोर्चमध्ये सतरंजी अंथरली, आणि राग जो कुठे पळाला तो दिवसभर फिरकला नाही. उरली ती निव्वळ भीती. जॅकवर गाडी उचलली तेव्हा तो असा करकरला की मी हँडल सोडून मागे सरकले. गाडी कोसळू नये म्हणून खाली लोखंडी घोडी लावली, तरी चाकाच्या पोकळीत हात घालताना मी मनातल्या मनात आईची क्षमा मागत होते. जुनी डिस्क गंजून घट्ट बसली होती. तिच्यावर हातोडा घालायचा आणि गाडी हलली का ते बघायचं, पुन्हा घालायचा, पुन्हा बघायचं. आतून आई प्रत्येक घावाला म्हणायची, "हळू वं, हळू!" आधीच काढून ठेवलेले जुने पॅड मग उजेडात धरून पाहिले. एका पॅडवर अस्तर औषधालाही उरलं नव्हतं. अशा गाडीतून मी आंधळ्या आईला घेऊन गावभर फिरले होते.

नवे पॅड जाड असतात. ते मावावेत म्हणून त्यांना दाबणारा ब्रेकचा पिस्टन शिकंजा लावून पार आत ढकलावा लागतो. मग सगळं बसवून झालं तरी पिस्टन पॅडपासून दूरच राहतो, आणि पेडल वारंवार दाबून त्याला पुन्हा जवळ आणावं लागतं. तोवर पेडल म्हणजे नुसती शोभा. दुकानदार सांगत होता ते हेच.

दुपार कलली तेव्हा दोन्ही चाकं जागेवर होती. मी ड्रायव्हरच्या जागी बसले, पेडलवर पाय ठेवला, तेवढ्यात भिंत चाचपत आई बाहेर आली. हातात ताट, ताटात निरांजन आणि दोन लिंबं. माझा पाय तिला दिसला असणं शक्यच नव्हतं, पण आयांना असल्या गोष्टी कळतात.

"अवं, पाय काढ! नव्या वस्तूले पूजेआधी पाय लावतेत का?"

"आई, ब्रेकला पायच लावतात."

"मंग लाव. पण पहिले पूजा. बैलगाडीच्या चाकाले नवी लोखंडी धाव बसवली का तुया बाप लिंबावरूनच गाडी काढे. चाक फिरलं, लिंबू फुटलं, का मंग पाय लाव नाई तं डोकं लाव."

चोरी करताना सापडलेल्या पोरीसारखा मी पाय काढून घेतला. आईने चाकं चाचपडत दोन्हींखाली एकेक लिंबू ठेवलं आणि उतारावरून खाली जाऊन फाटकात उभी राहिली, अगदी गाडीच्या समोर. आमचा पोर्च रस्त्यापेक्षा उंच आहे आणि मी गाडी नेहमी रस्त्याकडे तोंड करून लावते.

"बाजूला उभी राहा ना," मी ओरडले.

"नवरदेवाले बाजूनं ओवाळतेत का वं? मी बैलाईच्या समोरच उभी राहो. बैल आपोआप थांबत."

खूप हुज्जत घातली तेव्हा दोन पावलं मागे सरकली. त्या हुज्जतीत माझ्या डोक्यात एवढंच उरलं की एकदाची पूजा उरकू दे. पेडल साफ विसरले. गाडी सुरू केली, हँडब्रेक सोडला, क्लच उचलला. लिंबं फस्स करून फुटली. गाडी उताराला लागली आणि मी ब्रेक दाबला.

तिथे काहीच नव्हतं. अंधारात आणखी एक पायरी आहे समजून पाय टाकावा, तसा माझा पाय खालपर्यंत गेला आणि तळाला टेकला. पुन्हा दाबला, पुन्हा तळाला. समोर आई ताट धरून उभी होती. आवाज येत होता त्या दिशेला तोंड करून हसत होती. निरांजनाची ज्योत तिच्या हनुवटीवर हलत होती. मी किंचाळले, "आई, हट!" ती हलली नाही. ज्या जिवासाठी मी हे ब्रेक बदलले तोच जीव माझ्या चाकांपुढे उभा होता, आणि माझ्या पायाखाली नुसती हवा होती.

हँडब्रेक मी कधी ओढला ते मला आठवत नाही. दोन्ही हातांनी ओढला होता, कारण नंतर दोन्ही तळहात दुखत होते. मागची चाकं घसरली आणि गचका बसून इंजिन बंद पडलं. बॉनेट ताटाला टेकलं होतं. निरांजन कलंडून विझलं होतं.

आईने बोटांनी बॉनेट चाचपलं आणि तिथेच कुंकू लावलं. "शहाणी हाय गाडी," ती म्हणाली. "आपले बैलबी असेच. ताटाले नाक लावूनच थांबत. आता लाव पाय."

मी पाय लावला. दाबत राहिले आणि रडत राहिले. हळूहळू पेडल कडक होत गेलं. आईला मी काहीच सांगितलं नाही. पुढचे काही दिवस रिकाम्या रस्त्यांवर एकटीच गाडी थांबवून बघत होते, आणि ती थांबली तरी छातीतली धडधड काही थांबत नव्हती.

आईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. डोळ्यावरची पट्टी काढल्यावर तिला घरी आणत होते. ती दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत होती. चौकात सिग्नल लाल झाला, मी ब्रेक दाबला, गाडी मुकाट्याने थांबली. सहज खाली पाहिलं तर आईचा उजवा पाय समोरच्या मॅटवर रोवलेला होता. चपलेतली बोटं पांढरी पडली होती.

"आई, हे काय करून राहिली?"

"दाबून राहिली."

ती समोरच बघत होती.

"त्या दिवशी मले काई दिसत नव्हतं," ती म्हणाली. "पण हट म्हणून तू ओरडली ना, तशी तू जन्मात ओरडली नाई. तवाच समजलं."

"मग हटली काहून नाई?"

"पायच उचलले नाई वं. असं भेव लागलं."

"आणि ते बैलांचं?"

"तू आत रडून राहिली होती. मंग काय म्हणू?"

सिग्नल हिरवा झाला. मागचे हॉर्न वाजवू लागले. कशीबशी गाडी पुढे घेतली आणि म्हणाले, आता ब्रेक चांगले आहेत, पाय उचल, आरामात बस.

"राहू दे," आई म्हणाली. "एकीच्या पायानं नाई थांबली तं? दोघीनं दाबलेलं बरं."

पुढच्या चौकात पुन्हा लाल दिवा लागला. आम्ही दोघींनी ब्रेक दाबला.