ब्रसेल्स ते अ‍ॅमस्टरडॅम, पन्नास मिनिटं

असले गूढ अनुभव मी आजवर चवीने वाचले आणि सांगणाऱ्यांची टिंगलही केली. मी ट्रॉय, मिशिगनला राहतो, गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर टेस्ट करतो. लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदीत, दिसत नाही ते घडलंच नाही, असा माझा खाक्या. तरी हे लिहितोय... भीती वाटते म्हणून नाही, लाज वाटते म्हणून.

गेल्या फॉलमध्ये, ऑक्टोबरात, कामासाठी चार दिवस ब्रसेल्सला जायचं होतं. आईची धाकटी बहीण, सुमनमावशी, अ‍ॅमस्टरडॅमला असते. काका गेल्यापासून एकटीच. बारावीत मी टायफॉइडने आडवा झालो तेव्हा महिनाभर ती माझ्या उशाशी बसून होती. मी ब्रसेल्सला निघायच्या सुमारास आई आमच्याकडे ट्रॉयला आलेली. पुण्याला परतण्याआधी तिने मेतकुटाची बरणी भरली, झाकणावर जुन्या चोळीचा खण बांधला, चिकटपट्टीवर लिहिलं, 'सुमन'. म्हणाली, "तिच्या हातातच दे हो."

मी अंतर बघितलं होतं. विमानाने जेमतेम पन्नास मिनिटं, ट्रेनने दोन तास. इथून शिकागोला नाटक बघायला आम्ही साडेचार तास ड्राइव्ह करतो! पण तिथे पोचल्यावर कंटाळा केला. मावशीला फोनवर सांगितलं, "अगं, फ्लाइटलाच तीन तास लागतात, वर एअरपोर्टची भानगड." पंचवीस वर्षं तिथे राहिलेली बाई. ती एवढंच म्हणाली, "हो रे, लांबच पडतं. तब्येतीला जप."

मावशीकडे जाता आलं असतं ती गुरुवारची संध्याकाळ मी कलीग्जबरोबर फ्राइज खाण्यात घालवली. बरणी बॅगेतून परत ट्रॉयला आली. मानसीने, माझ्या बायकोने, ती ओट्यावर ठेवली.

रविवारी सकाळी मावशीचा व्हिडिओ कॉल.

"गुरुवारी आलास, फार बरं वाटलं. पण ही काय रे पद्धत, दारातूनच परत? बूटसुद्धा काढले नाहीस. बरणी दिलीस, पाया पडलास की निघालास."

मला वाटलं, वय झालंय तिचं. तेवढ्यात तिने बरणी कॅमेऱ्यासमोर धरली. तोच खण, तेच आईचं अक्षर. चार-पाच चमचे मेतकूट काढलेलं. मी मान वळवली. आमची बरणी ओट्यावरच होती — भरलेली, बांधलेली.

इरा, आमची दहा वर्षांची लेक, पोहे खात सगळं ऐकत होती. "बाबा, सो डिड यू गो ऑर नॉट?"

स्क्रीनवर मावशी हसत माझ्याकडे बघत होती. "गेलो होतो ना," मी म्हणालो. मानसी उठून आत गेली.

नंतर आईला फोन केला. "एकच केली होती रे, खण तेवढाच उरला होता," ती म्हणाली. मग मी फोनमधले फोटो, हॉटेलची बिलं, सगळं तपासलं. गुरुवारी मी ब्रसेल्सबाहेर पाऊल टाकलेलं नाही.

दोन बरण्या कशा झाल्या, आजही कळत नाही. आमची आम्ही अजून उघडलेली नाही. मावशी हल्ली दर फोनला सांगते, "पुढच्या वेळी बूट काढून आत ये, मऊ भात टाकते." मी हो म्हणतो. खरं सांगायचं धाडस अजून झालेलं नाही. तिच्या दारात कोण उभं होतं, मला माहीत नाही... पाया पडायचं मात्र त्याला सुचलं.