फिर्यादीखालची सही

सोमवारी सकाळी काजू कारखान्यातली एक कामगार पोलीस ठाण्यात आली आणि तिने माझ्या टेबलावर दोन मास्क ठेवले. ती घटना मी विसरलेलो नाही. तेव्हा मी मालवण किनाऱ्यावरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो.

दोन्ही मास्क तिने उसवून आणले होते.

"साहेबांनू, ह्यो शेजारणीचो. आत जाड गाळणी आसा. ह्यो माझो. आत नुसतो फडको. आणि खोकलो माकाच!"

बाहेरची एक संस्था भट्टीच्या धुरावर संशोधन करत होती. बायकांना ते मास्क 'सुरक्षेसाठी' म्हणून वाटले होते. स्टेशन डायरीत नोंद घ्यायला सांगून मी संस्थेच्या पर्यवेक्षकाला बोलावले. तो फाइल घेऊनच आला.

"निम्म्यांना रिकामा मास्क द्यावाच लागतो, सर. नाहीतर तुलना कशी करणार? सगळ्यांची लेखी संमती आहे."

कागद व्यवस्थित दिसत होते. मी ते त्या बाईपुढे सरकवले. तिने आपले नाव शोधले. खाली अंगठा होता.

"आंगठो? कोणाचो ह्यो? माका सही येता. तुमच्या बायनी शिकवल्यानी." मग डायरीतल्या माझ्या सहीकडे बघून म्हणाली, "तुमच्यापेक्षा बरी येता."

माझी पत्नी शिक्षिका होती. रविवारी कारखान्याच्या पडवीत ती या बायकांचा वर्ग घ्यायची. "सही शिकून त्या कुठे खरेदीखत करणार आहेत?" असे मी तिला चिडवायचो.

भट्टीपाशी पंचनामा करताना धूर अंगावर आला. मी संस्थेच्याच साठ्यातले दोन नवे मास्क पुढे केले, एक गाळणीचा, एक रिकामा. पर्यवेक्षकाने हातात तोलून जड होता तो घेतला. ते मी पंचनाम्यात लिहून घेतले. संध्याकाळी त्याने कबूल केले, सगळे अंगठे त्याचेच होते. अंगुलीमुद्रा तज्ज्ञांचा अहवालही तसाच आला. चाचणी थांबली, बायकांवर उपचार झाले, पुढे न्यायालयात त्याला शिक्षाही झाली.

धुराचा अभ्यास व्हायला हवा, हे मला मान्य आहे. पण ज्याच्या छातीत धूर जाणार, त्याला आधी विचारले पाहिजे. आणि चांगला मास्क कपाटात असताना रिकामा देणे, हे विचारूनही बरोबर ठरत नाही.

पत्नी गेल्या वर्षी गेली. त्या बाईचा खोकला थोडा राहिला आहे. फिर्यादीची एक प्रत माझ्याकडे आहे. तिच्याखाली त्या बाईची सही आहे.