मोठ्याने सांगायचं माप

मास्तरांच्या शिलाईच्या दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाची दोन मापं असायची. एक मोठ्याने सांगायचं आणि एक कापायचं.

यात फसवाफसवी काही नव्हती. दुकान रस्त्याला लागून, दार सताड उघडं, बाकावर दोन-चार माणसं आपल्या कपड्यांची वाट बघत बसलेली. अशात एखादं भरगच्च अंगाचं गिऱ्हाईक यायचं आणि पोट आत ओढून उभं राहायचं. मास्तर कमरेभोवती टेप फिरवायचे आणि शेजारी लिहायला बसलेल्या बायकोला आकडा सांगायचे. खरा आकडा चारचौघांत सांगितला तर त्या बिचाऱ्याने तोंड कुठे लपवायचं? म्हणून मास्तर दोन इंच कमी सांगायचे, आणि सांगता सांगता टेपचं टोक डाव्या हाताच्या बोटाला गुंडाळायचे. बोटाला टेप दिसली की बायको निमूटपणे दोन इंच वाढवून लिहायची. विजार बरोबर बसायची. बरेच जण मनातून ओळखून असायचे, कारण आपलं पोट आपल्याला माहीत असतंच की! पण तेही गंभीरपणे मान हलवायचे आणि म्हणायचे, "बरोबर आहे मास्तर, तेवढंच आहे."

त्यांची एकुलती एक मुलगी या टेबलाखालीच, चिंध्यांच्या ढिगात वाढली. सापडेल ते बटण, हूक, टाचणी गोळा करून डबीत भरायची, म्हणून तिचं नाव पडलं मुंगी. बोटाची ही भानगड तिला अक्षरं यायच्या आधीच कळली होती. एकदा एका जाडजूड वकिलासमोर ती टेबलाखालून ओरडली, "आई, बाबांनी बोट गुंडाळलंय!" वकील पुन्हा काही दुकानाची पायरी चढला नाही. मास्तर मात्र तो प्रसंग सांगून पुढे कित्येक वर्षं हसत होते.

शाळा संपल्यावर मुंगीने नर्स व्हायचं ठरवलं आणि कॉलेजची फी ऐकून मास्तर हिशेबाला बसले. दुकानाचा गल्ला उलटा करून झटकला असता तरी तेवढे पैसे पडले नसते. शिक्षणासाठी कर्ज मिळतं असं कुणीतरी सांगितलं, तेव्हा नवरा-बायको ठेवणीतले कपडे घालून बँकेत गेले. साहेबाने जामीनदार मागितला आणि तारण मागितलं. जामीनदार म्हणून मास्तर उभे राहिले, तारण म्हणून दुकान दिलं.

"साहेब, आमच्या धंद्यात एकदा कात्री चालवली की कापड परत अखंड होत नाही," सही करण्याआधी मास्तर म्हणाले. "इथंही तसंच का?"

साहेब हसला नाही. "सही इथे, इथे, आणि मागच्या पानावर," एवढंच म्हणाला.

कर्जाचं ओझं मास्तरांनी मुकाट्याने घेतलं. त्यांना लागलं ते वेगळंच. गणवेश कॉलेज सांगेल त्याच दुकानातून घ्यायचा होता, आणि त्याचे पैसेही कर्जातच धरलेले होते. शिंप्याच्या मुलीच्या अंगावर दुसऱ्याने शिवलेले कपडे, आणि तेही कर्ज काढून! पहिल्या सुट्टीत मुंगी घरी आली तेव्हा त्यांनी गणवेश उलटा करून पाहिला, काखेतली शिलाई बघून दोन शिव्या हासडल्या आणि सगळा उसवून पुन्हा शिवला.

त्याच सुट्टीत मुंगीने त्यांचा दंड पकडला. तिला बीपी मोजायचा सराव करायचा होता.

"हलू नका बाबा. आणि बोलू तर अजिबात नका."

"जन्मभर लोकांची मापं घेतली मी. माझं माप घेणारी तूच पहिली."

"गप्प बसा हो!" ती कानाला नळ्या लावून ऐकत होती. मग तिचा चेहरा खुलला. "एकशेवीस-ऐंशी. एकदम नॉर्मल."

"म्हणजे रेडीमेडचं माप म्हण की. हँगरवरून काढा आणि घाला."

मुंगी हसली, पण लगेच गंभीरही झाली. तिच्या वर्गातली एक मुलगी न मोजताच हा आकडा लिहायची आणि सिस्टरने तिला सगळ्यांसमोर वॉर्डाबाहेर काढलं, असं तिने सांगितलं. "यात खोटं बोललं तर माणूस जातो, बाबा."

"आमच्यात नुसती विजार फाटते," मास्तर म्हणाले. त्यांना लेकीचा असा अभिमान वाटला होता की दिवसभर ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दंड दाखवत राहिले.

मुंगी शिकली, पास झाली आणि दूरच्या मोठ्या शहरात एका हॉस्पिटलात लागली. नोकरी लागली तसे हप्तेही सुरू झाले. पगार एका हाताने यायचा आणि दुसऱ्या हाताने बँकेत जायचा. तरी गाडं रुळावर होतं. एके दिवशी मास्तर दुकानात चक्कर येऊन पडले आणि गाडं घसरलं. डॉक्टरांनी बीपी सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या. मुंगी बिनपगारी रजा टाकून धावत आली, बापाच्या उशाशी बसून राहिली, आणि तिकडे दोन हप्ते चुकले.

बँकेचा साहेब स्वतः दुकानात आला. बाकावर गिऱ्हाइकं बसली होती. मास्तरांनी स्टूल पुढे केलं, ते त्याने घेतलं नाही. दारातच उभं राहून त्याने किती थकलंय ते सांगितलं, दुकान तारण आहे याची आठवण दिली आणि वर विचारलं, "मुलगी कामावर जात नाही का हल्ली?" सगळं खणखणीत आवाजात. जन्मभर दुसऱ्यांची पोटं झाकणारा माणूस त्या दिवशी स्वतःच्या दुकानात चोरासारखा उभा राहिला. बाकावरच्या एकाने उगाच पेपर उघडून तोंडासमोर धरला. मास्तरांना त्या पेपरचीच जास्त लाज वाटली.

मुंगी परत गेली. चुकलेलं भरून काढायला डबल ड्युटी करू लागली. जाताना तिने बीपीचं घरगुती यंत्र आणून दिलं, पट्टा कसा बांधायचा ते शिकवलं आणि दर रविवारी फोनवर आकडा सांगायचा असं बजावलं.

"वाढलं असेल तर लपवायचं नाही. मी लगेच निघून येईन."

ती हे मायेने बोलली होती. मास्तरांच्या कानाला ती धमकी वाटली.

पहिले काही महिने आकडा ठीक असायचा. मग मास्तरांना बरं वाटू लागलं, आणि बरं वाटणाऱ्या माणसाने रोज गोळी कशाला खायची, असा हिशेब त्यांनी केला. गोळ्या महाग होत्या, डोकं जड करायच्या. एक दिवसाआड झाल्या, मग डोकं दुखेल तेव्हा. एका रविवारी यंत्रावर एकशेसत्तरच्या पुढचा आकडा आला. मास्तरांनी पट्टा सोडून पुन्हा बांधला. पुन्हा तेच. तेवढ्यात फोन वाजला.

"किती आलं बाबा?"

"एकशेवीस-ऐंशी."

"शाब्बास!" मुंगीचा आवाज थकलेला होता, पण त्या एका शब्दात जीव आला. पाय सुजलेत म्हणाली, आता झोपते म्हणाली.

मास्तरांनी फोन ठेवला तेव्हा त्यांना दिसलं, यंत्राची नळी त्यांनी डाव्या बोटाला गुंडाळली होती. त्यांनी ती घाईघाईने सोडली. समोर बायको सदऱ्याला काजं करत बसली होती. तिची सुई जागच्या जागी थांबली होती.

ती काही बोलली नाही. त्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. पण दर वेळी फोन यायचा, दर वेळी नळी बोटावर चढायची. शेवटी एकदा तिने सदरा बाजूला ठेवला आणि विचारलं, "अहो, मी किती वाढवून लिहू?"

मास्तर खाली बघून म्हणाले, "थोडेच हप्ते राहिलेत. संपले की मी स्वतःच सांगतो तिला."

"आणि तोवर?"

"तोवर तू काजं कर."

तिने केली. तिला भीती वाटत होती, नवऱ्याच्या जिवाची वाटत होती आणि लेकीच्या नोकरीचीही. दारात उभा राहिलेला साहेब तिनेही पाहिला होता. दोन भीतींमध्ये कुठली मोठी हे तिला ठरवता येईना, आणि म्हणून ती गप्प राहिली. "निदान गोळी तरी घ्या," एवढं रोज म्हणायची. मास्तर रोज "घेतो" म्हणायचे.

"दर वेळी तेच कसं हो येतं?" मुंगीने एकदा विचारलं. मास्तर चपापले. पुढच्या रविवारपासून ते कधी एकशेअठरा सांगू लागले, कधी एकशेचोवीस. असं खोटं दुसऱ्या कुणी तिच्या वॉर्डात सांगितलं असतं तर मुंगीने चुटकीसरशी पकडलं असतं. पण डबल ड्युटी करून आलेल्या पोरीला बाप ठीक आहे एवढंच ऐकायचं होतं, आणि ते तिला ऐकायला मिळत होतं.

शाळा उघडायच्या दिवसांत कामाचा ढीग पडतो. मास्तर थरावर थर ठेवून निळ्या चड्ड्यांचं कापड कापत होते. कात्री खडूच्या रेघेवरून सुटली आणि तिरकी गेली. मास्तरांनी ती सरळ करून पाहिली, तर ती ऐकेना. सगळे थर वाया गेले. त्यांनी रागाने कात्रीकडे पाहिलं, मग हाताकडे, आणि बायकोला हाक मारायला तोंड उघडलं, तर आवाज नुसता घोगरा निघाला. उजव्या अंगावर ते टेबलावरून घसरले.

मुंगी आली आणि त्यांना आपल्याच हॉस्पिटलात घेऊन गेली. कर्मचाऱ्यांना सवलत असते, पण सवलतीलाही पैसे लागतात. पहिलं कर्ज फिटायच्या आत तिने दुसऱ्या कर्जाच्या कागदावर सही केली. या वेळी जामीनदार म्हणून तिच्याच वॉर्डातली एक नर्स उभी राहिली.

मास्तर डोळे मिटून पडले होते तेव्हा मायलेकी त्यांच्या पायथ्याशी बोलत होत्या. झोप लागलीय असं त्यांना वाटलं असावं.

"मला दिसत होतं गं," बायको म्हणाली. "नळी बोटाला गुंडाळायचे."

"मग मला का नाही सांगितलंस, आई?"

"तू आली असतीस."

"आलेच असते!"

"म्हणूनच गं."

मुंगीची पावलं दूर गेली. धुतलेल्या चादरींच्या कपाटाचं दार उघडलं आणि त्या दाराआडून दाबलेला हुंदका ऐकू आला. बऱ्याच वेळाने ते दार बंद झालं. मास्तरांना उठून तिच्याकडे जायचं होतं, माझं चुकलं पोरी, असं म्हणायचं होतं. उजवं अंग मेलेलं होतं आणि जीभ तोंडात पडून होती. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी उशीवर उतरत राहिलं.

दुपारी ती बीपी मोजायला आली. तोंड धुऊन आलेली होती, गणवेश नीट होता. हाही गणवेश त्यांनीच उसवून शिवलेला होता; काखेतली आपली शिलाई मास्तरांनी पडल्या पडल्या ओळखली. तिने डाव्या दंडाला पट्टा बांधला, रबरी फुगा दाबला, कानाला नळ्या लावून ऐकलं. मग हवा सोडून पुन्हा भरली आणि पुन्हा ऐकलं. आधीपेक्षा जास्त वेळ ऐकलं. दोन्ही बाजूंच्या खाटांवरचे पेशंट आणि त्यांची माणसं इकडेच बघत होती.

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना काय विचारायचंय ते तिला कळलं.

"एकशेवीस-ऐंशी, बाबा," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

तिने पट्टा सोडवला. सोडवताना यंत्राची काळी नळी तिच्या डाव्या हाताच्या बोटाला गुंडाळलेली होती, एक वेढा, दोन वेढे. मास्तरांची नजर त्या बोटावर गेली, आणि ती गेलेली मुंगीने पाहिली. तिने नळी सोडली नाही. तिची हनुवटी थरथरत होती, लहानपणी टाचणी टोचल्यावर थरथरायची तशी.

मास्तर त्या बोटाकडे बघत राहिले. मग त्यांनी सावकाश मान हलवली. बरोबर आहे, तेवढंच आहे.